गॅरेजच्या ओट्यावरून : भूकंपापासून उभी असलेली फियाट

प्रश्न : काका, आम्ही चौघं लातूरला डिप्लोमा मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहोत. वर्गातले बहुतेक जण प्रोजेक्टसाठी तयार मॉडेल विकत आणणार आहेत. आम्हाला खरीखुरी गाडी उघडून, दुरुस्त करून, चालवून दाखवायची आहे. आमच्यातल्या एकाच्या आजोळी, औसा तालुक्यात, एक पद्मिनी उभी आहे. आजोबा वकील होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात वाड्याचं माळवद बसलं, पण गाडी ढाळजेत होती म्हणून वाचली. पुढं पत्र्याच्या शेडात लावली ती तिथंच राहिली. भूकंपानंतर आठ दिवस घरातली लेकरं त्या गाडीतच झोपायची, असं आजी सांगतात. आजोबा २००९ साली वारले. आजी गाडी फुकट द्यायला तयार आहेत, अट एकच, रंग बदलायचा नाही. आर.सी. बुक सापडलंय, त्यावर १९७३ साल आहे.

लातूर तिथून चाळीसेक किलोमीटर. मित्राच्या वडिलांचा ट्रॅक्टर आहे, रविवारी पहाटे टोचन करून आणायचा विचार आहे. दोर कोणता घ्यावा? सुती, नायलॉन की साखळी? किती लांब? आणि ओढता ओढताच दुसऱ्या गिअरमध्ये टाकून इंजिन चालू होतं का ते बघितलं तर चालेल का?

— चौघे, लातूर

उत्तर : चौघांनो, दोर कोणता ते विचारलंत, म्हणजे ओढायचं तुमचं ठरून गेलंय. आधी ते मोडतो.

त्याआधी गाडीचं नाव. १९७३ ची असेल तर ती पद्मिनी नव्हे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून १९६४ पासून ही गाडी ‘फियाट ११०० डिलाइट’ म्हणून निघायची, मग थोडा काळ ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झाली, आणि ‘पद्मिनी’ हे नाव लागलं १९७४ पासून. आपल्याकडं तिन्हींना फियाटच म्हणतात, त्यामुळं गावात कुणाचं अडलं नाही. प्रोजेक्टच्या रिपोर्टात मात्र पहिल्या पानावर चूक नको. डिकीवरची अक्षरं शिल्लक असतील तर फडक्यानं पुसून बघा. सालाचा आणखी एक फायदा आहे, त्याच्याकडं शेवटी येतो.

आता टोचन. १९८७ साली मी बीडला एका वस्तादांच्या हाताखाली होतो, वय तुमच्याएवढंच. नेकनूरहून एक बंद फियाट बीडला आणायची होती. पुढं जीप, मधे विहिरीच्या मोटेचा जुना नाडा, मागं फियाटमध्ये मी. सकाळी ब्रेकवर पाय ठेवला तर पेडल घट्ट. म्हटलं, ब्रेक आहे. मांजरसुंब्यापर्यंत सपाटी होती, मी एका हातानं भुईमुगाच्या शेंगा खात होतो. घाट लागला, वस्तादांनी जीप हळू केली, मी पेडल दाबलं. एकदा धरलं, दुसऱ्यांदा अर्धं गेलं, तिसऱ्यांदा पाय थेट खाली. व्हील सिलिंडरमधलं, म्हणजे चाकापाशी तेलाच्या दाबानं ब्रेक लावणाऱ्या भागातलं, वर्षानुवर्षं वाळलेलं रबर त्या दोन दाबांत फाटलं होतं. उतारावर दोर ढिला पडतो, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. ढिला पडलेला नाडा माझ्याच पुढच्या चाकाखाली गेला, जीप पुढं सरकली आणि दोर ताणला तसं स्टिअरिंग हातातून हिसकलं. दरीची बाजू उजवीकडं होती. मी डावीकडं, डोंगराच्या अंगाला घातली. मडगार्ड गेलं, हेडलाइट गेला आणि माझा समोरचा एक दात गेला. आज जो दिसतो तो खोटा आहे. वस्ताद खाली उतरून आधी दोर बघायला गेले, मग मला.

तुमच्या रस्त्यात घाट नाही हे मला ठाऊक आहे. लामजना, औसा, लातूर, सगळं पठार. पण तीस वर्षं उभ्या गाडीला ब्रेक नसतो, आणि औशाच्या चौकात पुढचा ट्रॅक्टर एकदम थांबला की घाटाचंच काम होतं.

कायदाही ऐका. मोटार वाहन चालन विनियम २०१७ साली आले, त्यात बंद गाडी ओढण्याची मुभा जवळच्या गॅरेजपर्यंत किंवा पेट्रोल पंपापर्यंतच आहे. मागच्या गाडीत लायसन्सवाला माणूस हवा, दोन गाड्यांमधलं अंतर पाच मीटरच्या वर जाता कामा नये. चाळीस किलोमीटरवरचं कॉलेज म्हणजे जवळचं गॅरेज, हे कुठल्याच हवालदाराला पटणार नाही. शिवाय ट्रॅक्टरचा विमा शेतीकामाचा असतो. काही झालं तर मित्राच्या वडिलांच्या गळ्यात पडेल.

तेव्हा गाडी पाठीवर आणा. फियाट लांबीला साधारण तेरा फूट, रुंदीला पाच फुटांच्या आत आणि वजनाला नऊशे किलोच्या आसपास. छोटा हत्ती नको, त्यात अर्धी गाडी बाहेर राहील. पिकअपही तोकडी पडते. चौदा फुटी हौद्याची आयशर घ्या. त्याहून बरं म्हणजे लातुरातला एखादा क्रेनवाला, ज्याच्याकडं सपाट पाठीची आणि विंचची गाडी आहे. भाडं आधी ठरवा, आणि ‘गाडी तीस वर्षं उभी आहे’ हे स्पष्ट सांगून ठरवा. नाहीतर शेडाजवळ येऊन तो भाव वाढवणारच.

आयशर आणलीत तर चढवायची कशी? गावात दूध डेअरीचा किंवा ऊस भरायचा धक्का असतो. ट्रक उलटा लावून हौदा त्या धक्क्याला टेकवला की गाडी सपाटीवरून आत जाते. धक्का नसेल तर जेसीबीवाल्याला सांगून जमिनीत उतार काढा आणि ट्रकची मागची चाकं त्यात उतरवा, हौदा आपोआप खाली येतो. जेसीबीच्या फावड्याला पट्टे बांधून गाडी उचलू नका. ही जीप नाही, हिला खाली वेगळी चासी नसते, पत्र्याच्या बॉडीवरच सगळी गाडी उभी असते. पट्टा मधोमध बसला तर दारं कायमची घासतील. आत ओढायला चेन-कप्पी लावा, चार माणसं ढकलायला, आणि गाडीच्या बरोबर मागं कुणीही नको. ढकलणारे बाजूनं, दाराच्या खांबाला धरून.

तुमच्यापैकी कुणीतरी ‘देवणी बैलजोडी लावून शेडाबाहेर काढू’ म्हणणारच, फोटो चांगला येतो. काढा, पण शेडाबाहेरच. आणि पाऊस पडायच्या आत. काळ्या रानात जून लागला की फियाट राहू द्या, आयशरच रुतून बसेल.

खरं काम मात्र रविवारच्या आदल्या शनिवारी आहे. अख्खा दिवस गाडीपाशी घालवा. सकाळी पहिल्यांदा काठीनं सीटखाली, डिकीत, बॉनेटखाली ठोका. पत्र्याच्या शेडात घोणस आणि गांधीलमाशा दोन्ही राहतात. मग चाकांकडं वळा.

या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक, म्हणजे चाकाबरोबर फिरणारा लोखंडी डबा (ड्रम) आणि त्याला आतून दाबून चाक थांबवणारे अर्धगोल तुकडे (शू). इतकी वर्षं उभी राहिली की शू गंजून ड्रमला आतून चिकटतो. आजोबांनी हँडब्रेक ओढून ठेवला असेल तर मागची दोन्ही चाकं नक्की धरलेली असणार. बाकीच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी गुटके लावा. जॅकखाली रुंद फळी ठेवा, नाहीतर जॅकच जमिनीत जाईल. एक चाक उचला, हँडब्रेक पूर्ण सोडा आणि चाक हातानं फिरवून बघा. नाही फिरलं तर आधी ॲडजस्टर (शू-ड्रममधलं अंतर कमी-जास्त करणारा बोल्ट) उलटा फिरवून शू आत घ्या. मग चाक काढून ड्रमच्या कडेवर लाकडी हातोडीनं ठोका, गोल फिरत, एकाच जागी नाही. आवाज सुरुवातीला मठ्ठ येतो, तडकलेल्या माठावर टिचकी मारल्यासारखा. शू सुटला की खणखणीत येतो. तो बदल एकदा कानाला कळला की पुन्हा कुणी शिकवावं लागत नाही. तरी नाही सुटलं तर त्या चाकाचा ब्लीडर स्क्रू (ब्रेकचं तेल बाहेर सोडणारा) ढिला करा. जुना रबरी होज, म्हणजे ब्रेकच्या तेलाची नळी, आतून फुगून बंद होतो आणि तेल परत येऊ देत नाही, त्यामुळंही ब्रेक धरलेला राहतो.

ड्रम निघाला की आत काळी-तपकिरी भुकटी दिसेल. फुंकर मारू नका, कॉम्प्रेसरची हवा तर मुळीच नको. त्या काळच्या शूवरच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, ती धूळ छातीत गेली की बाहेर येत नाही. मास्क लावा, ओल्या फडक्यानं पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका. आमच्या काळात आम्ही तोंडानंच फुंकायचो. माझ्या वस्तादांचा खोकला शेवटपर्यंत गेला नाही. कशानं ते डॉक्टर जाणोत, पण तुम्ही फुंकू नका.

एखादं चाक काही केल्या सुटलं नाही तर हट्ट नको. त्याच्याखाली जाड लोखंडी पत्र्याचा तुकडा सरकवा, पुढं फळ्या टाका आणि फळ्यांना ग्रीस लावा. चाक फिरणार नाही, पत्रा सरकेल.

टायरचं असं, की हवा धरली तरी विश्वास ठेवू नका. साइडवॉलवर टायर कारखान्यात कधी बनला त्या आकड्याचा शिक्का असतो. तो तीन आकडी असेल तर टायर २००० च्या आधीचा. कुणाकडून भंगारातल्या पद्मिनीची हवा धरणारी चार चाकं दोन दिवसांपुरती मागून न्या. चढवण्या-उतरवण्यापुरती ती पुरेत.

आता गिअरचा प्रश्न. नाही. अजिबात नाही. ओढत आणणार नसलात तरी कॉलेजच्या मैदानात हा मोह होणारच, म्हणून सांगतो. तीस वर्षांत पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला चिकटतात, एखादा व्हॉल्व्ह त्याच्या गाइडमध्ये (नळीत) अडकून उघडाच राहतो. बाहेरून जोर लावून इंजिन फिरवलंत तर पिस्टन अडकलेल्या व्हॉल्व्हवर आपटेल, पुश रॉड (व्हॉल्व्ह उघडायला लावणारी दांडी) वाकेल आणि १०८९ सीसीचं एक साधं, बोलकं इंजिन तुमच्या घाईपायी भंगारात जाईल. चारही प्लग काढा, प्रत्येक भोकात चमचा-दोन चमचे डिझेल आणि इंजिन ऑइल मिसळून सोडा, आणि आठ दिवस विसरून जा. मग पुढच्या पुलीच्या नटला पाना लावून हातानं, थोडंसं, पुढं-मागं. हाताला अडकलेलं कळतं, ट्रॅक्टरला कळत नाही.

जुनं पेट्रोल शनिवारीच टाकीतून काढून घ्या. त्याचा वास व्हार्निशसारखा येतो, पण पेट ते घेतंच. शेडात कुणी बिडी ओढत असेल तर आधी त्याला बाहेर घालवा.

ट्रकवर बांधताना दोर बंपरला लावायचा नाही. पुढं सस्पेन्शनच्या खालच्या आर्मला, मागं ॲक्सलला, चारही कोपऱ्यांना रॅचेट बेल्ट. पाच किलोमीटर गेलं की थांबून पुन्हा आवळा. गाडी स्प्रिंगवर बसते आणि पट्टा ढिला पडतो, पहिल्यांदा नेहमीच. सुटे पार्ट, म्हणजे काचांची हँडलं, हबकॅप, तुटलेला आरसा, डिकीतले पाने, वेगवेगळ्या पिशव्यांत घाला, पिशवीत चिठ्ठी टाका आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा. काचेच्या हँडलसाठी पुढं मुंबईतली भंगाराची दुकानं धुंडाळावी लागतील. तिथल्या टॅक्सीतल्या शेवटच्या पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये उतरल्या, तेव्हा पार्ट अजून मिळतात, पण प्रत्येकाचा भाव आता विकणारा ठरवतो.

आता कागद. गाडी आजोबांच्या नावावर आहे आणि ते वारलेत. अशा वेळी वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ लागतो, सोबत मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची संमती. खरं तर वारल्यावर तीन महिन्यांच्या आत करायचं असतं, तुम्हाला उशीर झालाय, आरटीओत जाऊन दंडाचं विचारा. आधी आजींच्या नावावर करा. तिथून पुढं विक्री झाली तर फॉर्म २९ आणि ३०.

माझं मत विचाराल तर पुढं नेऊच नका. गाडी आजींच्याच नावावर राहू द्या. तुम्ही चौघं वर्षभरात चार गावांना जाणार, एक पुण्याला, एक वाळूजला. प्रोजेक्ट झाल्यावर गाडी कुणाची, हा प्रश्न आज गोड वाटतो. मी ज्या आयटीआयला शिकवत होतो तिथं वर्कशॉपच्या मागं अशा दोन गाड्या उभ्या होत्या. पोरांनी मोठ्या हौसेनं आणलेल्या, परीक्षा झाली आणि बाभळीनं ताब्यात घेतलेल्या. तेव्हा एका साध्या कागदावर लिहून घ्या. गाडी आजींची, अमुक तारखेपर्यंत कॉलेजच्या शेडात, खर्च कुणाचा, परत कुणी आणून द्यायची, प्राचार्यांची सही. शेड म्हणजे छप्पर असलेलं शेड. ‘सध्या झाडाखाली ठेवू’ असं कुणी म्हणालं तर गाडी आणूच नका.

आणि तो सालाचा फायदा. २०२१ साली केंद्रानं नियम केला. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्यानं नोंदणीची फी वीस हजार, मुदत दहा वर्षं, आणि रोज भाजी आणायला किंवा भाड्यानं गाडी काढता येत नाही. आधी नोंदलेल्या गाडीला जुना नंबर राखता येतो. १९७३ ची तुमची गाडी पन्नाशी ओलांडून बसलीय. पण इंजिन किंवा बॉडी बदललीत की ती या नियमात बसत नाही. म्हणून कुणी ‘मारुतीचं इंजिन टाका, परवडतं’ किंवा ‘बॅटरीवर करा, मार्क जास्त पडतील’ म्हणालं, तर चहा पाजा आणि वाटेला लावा.

त्याच चौघांचं दुसरं पत्र (दीड महिन्यानंतर) : काका, गाडी आली. आयशरनं, डेअरीच्या धक्क्यावरून. मागचं डावं चाक शेवटपर्यंत सुटलं नाही, पत्रा-ग्रीसवर सरकवलं. ड्रायव्हर सारखं विचारत होता, ‘अरं, ह्ये भंगार घेऊन काय करलालाव?’ बेल्ट लामजन्याला आवळला, खरंच ढिला झाला होता. मागच्या सीटखाली पाटीवरच्या पेन्सिलींचे तुकडे आणि एक लहानशी फुटकी बांगडी निघाली, ती आजींना नेऊन दिली. इंजिन तुम्ही सांगितल्याप्रमाणे भिजत ठेवलं, नवव्या दिवशी पाव आटा हललं. आता अडचण रंगाची. गाडी बाहेरून क्रीम आहे आणि आजी म्हणतात पहिल्यापासून अशीच. पण स्टेपनी काढली तर खाली गडद हिरवा निघाला. आजींची अट आहे रंग बदलायचा नाही. मग कोणता?

उत्तर : नवव्या दिवशी हललं म्हणजे नशीबवान आहात. रोज तेवढंच हलवा, घाई नको, आणि प्लगच्या भोकांवर फडकं ठेवत जा, नाहीतर उंदीर आत काहीतरी टाकतील.

स्टेपनीखालचा हिरवा खरा मानायच्या आधी आणखी दोन जागा बघा. एक डॅशबोर्डची मागची बाजू, आणि दुसरी मागचा दिवा काढल्यावर दिसणारा मडगार्डचा आतला पत्रा. पुन्हा रंगवणारे तिथपर्यंत कधी जात नाहीत. एकाच जागी हिरवा असेल तर डिकीचा पत्रा दुसऱ्या गाडीचा बसवलेला असू शकतो, अपघातानंतर असं सर्रास व्हायचं. तिन्ही जागी हिरवा निघाला तर गाडी हिरवीच होती आणि वकीलसाहेबांनी नंतर क्रीम केली.

आर.सी. बुकातही रंगाचा रकाना असतो. शाई उडाली असेल तर पान उजेडात तिरकं धरून वाचा. तिथं जो लिहिलाय तो कागदावरचा रंग. आजींना जो आठवतो तो लग्नाच्या वरातीतला असेल, लेकरांना घेऊन तुळजापूरला गेल्या तेव्हाचा असेल. अट घालताना त्यांच्या डोळ्यांसमोर क्रीमच होता, हिरव्याचा त्यांना पत्ताही नसेल. गाडी सेकंडहँड घेतली होती का, हे मात्र विचारा, बुकात आधीच्या मालकाचं नाव असेलच.

मी असतो तर बाहेरून क्रीम ठेवला असता आणि स्टेपनीखालचा हिरवा हात न लावता तसाच सोडला असता. रंगाचा डबा घ्यायच्या आधी तो सुटा दिवा आणि बुक घेऊन औशाकडं एक फेरी मारा. बुकात हिरवा निघाला तर आधी आजींना सांगा, मग मला कळवा.